पत्त्यात उरलेला किल्ला

१९३९ च्या अखेरीस काशी स्टेशन वाढवण्याचे काम निघाले आणि त्यासाठी शेजारचे राजघाटाचे टेकाड कापायला घेतले. ठेकेदाराच्या मजुरांच्या लेखी ती माती होती. खणायची, पाट्यांत भरायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची. पण प्रत्येक पाटीत काहीतरी निघू लागले. खापरे, मणी, नाणी, भाजक्या मातीच्या स्त्रियांचे कुरळ्या केसांचे मुखडे, आणि बोराएवढ्या चिखलाच्या गोळ्यांवर उमटलेले ठसे. यातले बरेच काही काशीच्या बाजारात विकायला गेले. कलासंग्राहक राय कृष्णदासांना ही खबर लागली आणि त्यांनी मिळेल ते मिळवून भारत कला भवन या संग्रहालयात आणले. १९४० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे कृष्णदेव तिथे रीतसर उत्खननाला उतरले, तोवर टेकाडाचा मोठा लचका रुळांनी तोडलेला होता.

काशीचे जुने तटबंदीचे शहर असे उजेडात आले. रेल्वेने ते शोधले, आणि त्याच रेल्वेने त्याचा काही भाग कायमचा नाहीसा केला. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि पुढे लिहायचे आहे ते या दोन्हींना धरूनच.

दूधविनायकापासून राजघाट दोन-अडीच किलोमीटरवर आहे. काशीतल्या मराठी माणसाचे गाव म्हणजे हा दूधविनायक, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असा गल्ल्यांचा पुंजका. दूधविनायकाच्या लहानशा देवळावरून मोहल्ल्याला नाव पडले. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते अशा या गल्ल्यांत वाडे उभे आहेत. नाना फडणविसांचा वाडा याच भागात दाखवतात. कायगावकर नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे येऊन राहिले आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट या घाटांच्या बांधकामाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पंचगंगेवर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ आहे. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूला इथे घरी आल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र याच आपलेपणापायी एक समजूत मनात घट्ट बसते: आपल्याला दिसते ती दगडी, पायऱ्यापायऱ्यांची काशी हीच अनादि काशी. प्रत्यक्षात आपण पाहतो ते बहुतेक घाट अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घाटांना मराठी पैसा लागला आहे. त्यांच्या आधी किमान दोन हजार वर्षे इथे एक शहर नांदत होते आणि त्याचे मूळ गावठाण उत्तरेला होते, वरणा आणि गंगा यांच्या संगमालगत.

तिकडे पायीच जावे. पंचगंगेवरून उत्तरेकडे वळले की गायघाट, त्रिलोचन, प्रल्हादघाट असे घाट मागे पडत जातात. दशाश्वमेधाची गर्दी इथवर पोचत नाही. बायका कपडे धुतात, मुले पतंग उडवतात, नावा उलट्या घालून त्यांना डांबर लावण्याचे काम चाललेले असते. मग समोर मालवीय पूल दिसू लागतो. १८८७ चा हा पूल. वरून मोटारी, खालून आगगाड्या. पुलाच्या पलीकडे जोडलेल्या हातांची प्रचंड शिल्पे उभारलेला नवा नमो घाट आहे आणि आता बहुतेक पाहुणे त्यासाठीच इकडे येतात. पुलाच्या अंगाला, घाटाच्या वर, जे उंच पठार झाडीत दडलेले आहे ते राजघाट.

तिथे किल्ला विचारला तर दाखवायला फारसे काही नाही. पण पत्त्यांत तो शाबूत आहे. १९१३ साली अ‍ॅनी बेझंट यांनी सुरू केलेले वसंता महाविद्यालय पुढे या पठारावर आले. त्याचा टपालाचा पत्ता ‘राजघाट फोर्ट’ असा आहे. जे. कृष्णमूर्तींच्या शिक्षणसंस्थेचाही तोच. जवळच्या एका वस्तीचे नाव किला कोहना, म्हणजे जुना किल्ला. लोकपरंपरा हा किल्ला राजा बनाराचा म्हणून सांगते. बाराव्या शतकात गाहडवाल राजे इथून राज्य करत होते. त्यांच्या दानपत्रांत संगमावरच्या आदिकेशवाच्या देवळापाशी गंगेत स्नान करून दान दिल्याच्या नोंदी आहेत आणि अशा ताम्रपटांचा मोठा साठा १८९२ मध्ये जवळच्याच कमौली गावी सापडला. १८५७ च्या उठावाच्या काळात इंग्रजांनी हीच उंच जागा हेरून इथे मोर्चेबंदी केली. म्हणजे लष्करी नजरेला या पठाराचे मोल कोणत्याही शतकात कळले आहे. दोन बाजूंना नद्या, खाली कंकराचा कठीण काठ, पुराच्या पाण्याला चढता येणार नाही अशी उंची.

लाल खानाच्या मकबऱ्याच्या आवारात उत्खननातले अवशेष उघडे ठेवले आहेत. मकबरा १७७३ चा, घुमटावर रंगीत फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. त्याच्या पायाशी हिरवळ, आणि हिरवळीत मध्येच खोलगट जागी विटांच्या भिंती, जोती, खोल्यांचे चौकोन. पहिल्या नजरेला त्या मोडलेल्या घरांच्या पायांसारख्या वाटतात. माहितीचा फलक वाचून झाला की लोक मकबऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात. त्यांना बोल लावता येत नाही. मातीचे वाचन कुणीतरी शिकवावे लागते.

आपल्याकडे खेडोपाडी पांढरीच्या मातीच्या गढ्या होत्या. पावसाने धुपून धुपून त्या टेकाडासारख्या झाल्या आणि गावकऱ्यांनी घर सारवायला त्यांचीच माती नेली. राजघाटाचा मूळ तट याच जातीचा, पण गावाच्या नव्हे तर महाजनपदाच्या मापाचा. बनारस हिंदू विद्यापीठाच्या अवध किशोर नारायण यांनी १९५७-५८ मध्ये आणि नंतर १९६० ते १९६९ या काळात इथे उत्खनन केले. तेव्हा वसाहतीच्या अगदी आरंभीच्या थरांशी जोडलेला मातीचा एक अवाढव्य बांध सापडला. हा बांध शत्रूसाठी होता की गंगेच्या पुरासाठी, यावर अभ्यासकांत चर्चा झाली. मला हा वाद फार ताणावासा वाटत नाही. दरवर्षी पाणी कुठवर चढते हे ज्याने काशीत भाद्रपदात पाहिले आहे, त्याला पूर हाही शत्रूच वाटेल, आणि जी भिंत पाणी अडवते ती माणसेही अडवते.

असा तट बांधत कसे, याचे वर्णन कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गाच्या प्रकरणात आहे. मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे रा. प. कंगले हे आपलेच, त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा ग्रंथ परका नाही. कौटिल्य सांगतो ते असे. आधी खंदक खणायचा. त्यातून निघालेली माती आतल्या बाजूला रचून वप्र, म्हणजे मातीचा उंच बांध, उभा करायचा. ती माती हत्ती आणि बैल यांच्या पायांखाली तुडवून घट्ट करायची आणि तिच्यावर काटेरी झुडपे, विषारी वेली लावायच्या. वप्राच्या माथ्यावर तटाची भिंत, आणि भिंतीवर तीस-तीस दंडांच्या अंतराने अट्टालक, म्हणजे आपले बुरूज. दंड साधारण सहा फुटांचा धरला तर दोन बुरुजांत पंचावन्न मीटरच्या आसपास अंतर पडते. दोन्हींकडून सुटलेले बाण मधल्या जागेत एकमेकांना सहज ओलांडतील असे ते अंतर आहे. मध्ये आणखी तीन तिरंदाजांना आडोशाने उभे राहता येईल अशी जागा ठेवायलाही तो सांगतो.

हत्ती तुडवतात म्हणजे नेमके काय होते? ओलसर चिकणमातीच्या कणांमधली हवा दाबून बाहेर निघते, थर एकमेकांत बसतात आणि पाणी आत शिरायला वाट राहत नाही. आज रस्त्याच्या भरावावर रोलर फिरवतात तो याचसाठी. दगड नसलेल्या गंगेच्या खोऱ्यात हेच सर्वांत मजबूत बांधकाम होते. पुढे त्याला पक्क्या विटांचे अस्तर लागले. अलाहाबादेजवळ कौशांबीला गो. रा. शर्मा यांनी १९४९ पासून खणलेल्या तटावर हे सगळे पाहायला मिळते: मातीचा बांध, त्यावर उतरते विटांचे अस्तर, ठरावीक अंतराने पुढे आलेले बुरूज. शर्मांनी त्याला इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्याही मागे नेले. इतरांनी ते मान्य केले नाही आणि काळ बराच अलीकडे आणला. पाटलिपुत्राचा तट तर लाकडाचा होता. मेगॅस्थेनिसने त्याला चौसष्ट दरवाजे आणि पाचशे सत्तर बुरूज असल्याचे नोंदवले आणि ते आपल्यापर्यंत आरियनच्या ग्रंथातून पोचले. राजघाटाच्या माथ्यावर बुरूज कसे होते ते सांगायला आज बुरूज शिल्लक नाही. गाहडवालांनी, नंतरच्या सुलतानी अंमलाने, मग इंग्रजांनी त्याच माथ्यावर बांधकामे केली आणि शेवटी रुळांनी तो चिरला.

खाली मात्र थर शाबूत होते आणि नारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सहा कालखंडांत लावले. सर्वांत खालचा इसवी सनापूर्वी सुमारे ८०० पासूनचा. त्यात काळी-तांबडी भांडी आणि पुढे ती प्रसिद्ध झिलईदार काळी भांडी, ज्यांची चकाकी अडीच हजार वर्षांनंतर पाण्याने धुतली की पुन्हा उजळते. वर मौर्यांचा काळ, भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, विटांची घरे. मग शुंग-कुषाण काळ, गुप्तांचा काळ, गाहडवालांचा, आणि सर्वांत वरचा थर सतराव्या शतकापर्यंतचा. अडीच हजार वर्षांत वस्ती मोडून सोडून गेली असा मोठा खंड नाही. नंतर विदुला जायसवाल यांनी काशीच्या परिसरातल्या अकथा आणि रामनगर इथे उत्खनन केले आणि वस्तीचा आरंभ राजघाटाच्याही मागे गेला. तरीही तटबंदीच्या आतले राजधानीचे शहर म्हणून राजघाटाचे स्थान हलत नाही.

आता त्या चिखलाच्या गोळ्यांकडे यायला हवे, कारण मला या स्थळावरचे सर्वांत मोलाचे धन तेच वाटते.

पत्र बांधले, थैलीचे तोंड आवळले, की दोरीच्या गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर आपली मुद्रा दाबायची. पावणारा ती माती फोडून माल घेई. फुटलेले तुकडे जिथे माल उघडला जाई तिथे साठत. म्हणून एखाद्या ठिकाणी असे ठसे ढिगाने सापडले तर तिथे पत्रव्यवहार आणि व्यापार ढिगाने चालत होता असे समजावे. राजघाटाला ते फार मोठ्या संख्येने सापडले. काहींवर ‘वाराणस्याधिष्ठानाधिकरणस्य’ अशी अक्षरे आहेत: वाराणसी नगराच्या कचेरीची ही मोहोर. गुप्तकाळात या शहराला स्वतःची कचेरी होती आणि तिचा शिक्का होता. काहींवर अविमुक्तेश्वराचे नाव आहे, म्हणजे देवस्थानही आपल्या मुद्रेने कागद करत होते. विश्वेश्वराच्या नावाचा आजचा महिमा वाढण्याच्या आधी काशीत अविमुक्तेश्वर अग्रस्थानी होता हे समजायला हे मातीचे तुकडे उपयोगी पडले.

आणि काहींवर चक्क ग्रीक देवता आहेत. पंख असलेली विजयदेवता नाइके, शिरस्त्राण घातलेली अथेना, अपोलो, गदाधारी हेराक्लिस. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या या ठशांनी वासुदेवशरण अग्रवाल, कृष्णदेव अशा जाणकारांना चकित केले. याचा अर्थ रोमन व्यापारी काशीत येऊन राहिले होते असा लगेच काढता येत नाही. अशी चित्रे कोरलेले खडे अंगठीत बसवून दूरवर फिरत, नाण्यांवरून चित्रे उचलली जात, आणि काशीचा कारागीर एकदा पाहिलेली आकृती हुबेहूब कोरण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. पण एवढे निश्चित, की रोमन जगात चलती असलेल्या प्रतिमा या तटाच्या आत रोजच्या व्यवहारात होत्या. त्या काळात रोमचे व्यापारी आपल्या किनाऱ्यांवर येत होते; ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण, तेर यांची नावे आहेत आणि गंगेच्या मुखाशी मिळणाऱ्या तलम कापडाचाही उल्लेख आहे. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो अशी तक्रार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती याच देवघेवीतली. समुद्र नसलेल्या कोल्हापुरात समुद्रदेव आणि घाटांच्या काशीत नाइके. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत.

या कोल्हापूरकडचाच एक माणूस त्या वेळी काशीत होता. अनंत सदाशिव आळतेकर १९३० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून आले. १९३७ साली त्यांनी काशीचा आरंभापासूनचा इतिहास इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांत त्यांच्याच शहराच्या पोटातून हे सगळे बाहेर पडले. पुढे ते पाटण्याला गेले, कुम्हराराला मौर्यांच्या स्तंभमंडपाचे उत्खनन १९५१ ते १९५५ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली झाले, वैशालीच्या स्तूपाचेही झाले. मराठी माणसाने काशीला घाट दिले हे आपण अभिमानाने सांगतो. मराठी माणसाने काशीचा इतिहास पुराव्यांनिशी लिहिला, हे त्याच अभिमानाने सांगायला हवे. गागाभट्टांचे नाव शाळेतल्या पोराला ठाऊक असते, आळतेकरांचे पदवीधरालाही नसते.

राजघाट कापला जात होता त्याच सुमारास, २९ डिसेंबर १९४० च्या रात्री, जर्मन बॉम्बनी लंडनचा जुना भाग जाळला. क्रिपलगेटचा परिसर सपाट झाला. युद्ध संपल्यावर डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी त्या राखेखाली खणले आणि इसवी सन १२० च्या सुमाराचा रोमन सैन्याचा किल्ला सापडला. आज नोबल स्ट्रीटला कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या मध्ये त्या किल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या बुरुजाचा पाया आणि तटाची दगडी रांग उघडी राखून ठेवली आहे. बुरूज म्हणावा तर तो कमरेइतकाही उरलेला नाही. पण रस्त्याच्या कठड्यावरून खाली पाहिले की शेजारचा फलक सांगतो: इथे पहारेकरी उभा राहत होता, या दगडापासून पुढची भिंत नंतर शहराच्या तटात सामील झाली. जमिनीचा भाव अतिशय चढा असलेल्या शहराने एवढी जागा मोकळी सोडली आहे.

तो किल्ला बांधला जात होता तेव्हा राजघाटाच्या आत लोक नाइकेचा ठसा मातीवर दाबत होते, आणि राजघाटाचा तट त्या वेळीच कित्येक शतकांचा म्हातारा होता. ही तुलना लंडनला मोठे किंवा आपल्याला लहान करण्यासाठी नाही. अवशेष किती उंच उरला यावर त्याची किंमत ठरत नाही. तो नीट समजावून सांगितला जातो की नाही यावर पाहणाऱ्याला तो दिसतो की नाही हे ठरते. राजघाटाला एक साधा छेद काचेआड दाखवता येईल: हा बांध, हा मौर्यांचा थर, ही कड्यांची विहीर, हा गुप्तांच्या काळचा उंबरा. भारत कला भवनात ठेवलेल्या ठशांच्या आणि मृण्मूर्तींच्या प्रतिकृती त्या त्या थरासमोर मांडता येतील. यात अवघड काही नाही आणि फार खर्चाचेही काही नाही.

आणि घाई आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसी ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन या मार्गाच्या विस्ताराला मंजुरी दिली. अंदाजे खर्च २,६४२ कोटी रुपये; त्यात गंगेवर मालवीय पुलाशेजारी नवा पूल आहे, खाली चार रूळ आणि वर सहा पदरी रस्ता. पूल हवाच आहे. सव्वाशे वर्षांहून जुन्या पुलावर किती भार घालायचा? पण काशी स्टेशन आणि पुलाचे तोंड ज्या जमिनीवर आहे ती जमीन म्हणजे त्या प्राचीन शहराचेच अंग आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण असा कायदा आहे. तरी प्राचीन शहर फलक लावलेल्या आवाराच्या कुंपणाशी संपत नाही. १९३९ मध्ये आधी फावडे चालले आणि मग पुरातत्त्वज्ञ आले. या वेळी क्रम उलटा असला पाहिजे: पाया घेण्याआधी चाचणीचे चर, खणताना पुरातत्त्वज्ञ हजर, आणि निघालेल्या प्रत्येक वस्तूची थरासह नोंद. थराची नोंद नसलेला ठसा संग्रहालयात शोभतो, पण तो कुठून, कशाखालून, कशाबरोबर निघाला हे एकदा हरवले की कुणालाही परत सांगता येत नाही.

काशीला दरवर्षी महाराष्ट्रातून असंख्य माणसे जातात. त्यांच्यासाठी सहली आखणाऱ्यांना, धर्मशाळा चालवणाऱ्यांना आणि काशीतल्या मराठी मंडळांना माझे सांगणे आहे: यात्रेत राजघाटाची एक सकाळ घाला. दूधविनायकाहून पायी निघा, लाल खानाच्या आवारातल्या विटा पाहा, तिथून संगमावर आदिकेशवाचे दर्शन घ्या, आणि दुपारी विद्यापीठातल्या भारत कला भवनात राजघाटाच्या मृण्मूर्ती बघा. अभिप्रायाची वही असेल तिथे लिहा की इथे तटाचा छेद दाखवा, मराठीतही फलक लावा. नव्या पुलाच्या खोदकामात पुरातत्त्व खात्याची माणसे हवीत, असे पत्र आपापल्या खासदाराला धाडा. पूल अजून व्हायचा आहे, तोवरच या पत्राचा उपयोग आहे.